जुनी टाकी धुताना

मावसभावाने टाकी आणून दारात ठेवली तेव्हा तिच्या तळाला चार बोटं खडी होती, खडीत एक प्लास्टिकचं झाड, झाडावर सुकून कागदासारखं झालेलं शेवाळ आणि कोपऱ्यात दोन मेलेली झुरळं. माळ्यावर दोन वर्षं पडून होती म्हणे. "ताई, एकदा पाणी मारून घे आणि उद्या मासे सोड," असं म्हणून तो हात झटकून मोकळा झाला.

मला मासे पाळायचेच होते आणि टाकी आयती चालून आली होती. पण "उद्या" म्हणता म्हणता पहिला मासा त्या पाण्यात पोहायला सव्वादोन महिने गेले. त्यातला घासण्याधुण्याचा वेळ मोजला तर जेमतेम तीन-चार दिवसांचा. बाकी सगळा वाट बघण्यात गेला, आणि ती वाट बघताना माझ्या लक्षात आलेल्या गोष्टी लिहून ठेवते आहे.

सगळ्यात आधी मी घासणी हातात घेतली नाही, भावाला समोर बसवलं. काचेच्या आतल्या सांध्यांमधलं सिलिकॉन निळसर दिसत होतं. सिलिकॉन मूळचं पारदर्शक असावं, कारण बाहेरून जिथे थेंब ओघळून सुकले होते तिथे ते स्वच्छ होतं.

"हे निळं कशाने झालं रे?"

"औषध घातलं होतं ना. निळं. एकदम शाईसारखं."

म्हणजे मिथिलीन ब्लू. ते सिलिकॉनला असं धरतं की घासून निघत नाही. नुसता डाग राहिला तर माशांना त्याचा फारसा त्रास नसतो. पण औषध घातलं होतं म्हणजे आजार होता. कोणता ते विचारल्यावर तो जरा वेळ आठवत राहिला. आधी अंगावर पांढरे ठिपके आले, त्यासाठी निळं औषध झालं, मग "कॉपरवालं एक" झालं. ठिपके गेले. आणि नंतरच्या वर्षभरात मासे एकेक करून गेले.

"कसे गेले?"

"खायचे, पण बारीक होत जायचे. पोटं आत गेली होती. एकाची तर पाठ वाकडी झाली होती."

पांढऱ्या ठिपक्यांची मला चिंता नव्हती. तो परजीवी माशाच्या अंगाशिवाय फार काळ तग धरत नाही आणि कोरड्या टाकीत तर दोन वर्षं नक्कीच नाही. कॉपरचं मात्र लक्षात ठेवलं. माशांना सोसेल एवढं तांबंही कोळंबीला आणि गोगलगायींना मारू शकतं, आणि ते खडीत धरून राहतं, क्षारांच्या थरातही. पण खरी धडकी भरली ती त्या बारीक होत जाणाऱ्या माशांमुळे. असं एकेक करून खंगत जाणं, पाठ वाकणं, ही मायकोबॅक्टेरियम नावाच्या जिवाणूची लक्षणं असू शकतात. त्याला माशांचा क्षय म्हणतात. तेच होतं असं दोन वर्षांनी कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, पोटातल्या जंतांनीही मासे असेच वाळतात. पण शंका आली की तयारी त्यातल्या वाईटासाठीच करायची. मायकोबॅक्टेरियम मॅरिनम नावाचा यातला एक प्रकार माणसालाही होतो. हाताला चीर किंवा खरचटलेलं असेल तर तिथून आत शिरतो आणि काही आठवड्यांनी बोटावर, हातावर गाठी उठतात. त्या जायला महिनोन् महिने औषध घ्यावं लागतं. माझ्या उजव्या अंगठ्याला तेव्हा चिरलेलं होतं. म्हणून पहिली खरेदी कोपरापर्यंत येणाऱ्या रबरी हातमोज्यांची.

हे एवढं दहा मिनिटांच्या गप्पांत कळलं. अनोळखी माणसाकडून टाकी घेतली असती तर ते निळं सिलिकॉन तेवढं दिसलं असतं आणि मी "छान रंग आहे" म्हणून पुढे गेले असते.

मग रिकामं करणं. भाऊ टाकी खडीसकट उचलून घेऊन आला होता, हे मला आवडलं नव्हतं. काचेच्या टाकीचा तळ सपाट जागेवर सारखं वजन पेलायला बनवलेला असतो. दोन हातांनी कडेला धरून उचलली की मधलं वजन तळाच्या सांध्यांना ओढतं. खडी आधी काढायला हवी होती. आता झालं ते झालं. हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून, खडी पाण्याने भिजवली (सुकी घाण उडून नाकात नको) आणि मगाने उपसून थेट कचऱ्यात टाकली. हळहळ वाटली, खडी दिसायला सुरेख होती. पण खडी धुऊन वरून चमकते, आत काय मुरलंय ते कसं कळणार? आणि कॉपर झालेली खडी मला नकोच होती. फिल्टरमधला स्पंज गेला, प्लास्टिकचं झाड गेलं. हीटरच्या काचेच्या नळीत आतून बाष्प धरलं होतं. तो तर पाण्यात सोडायचा म्हणजे विजेशी खेळ, तोही गेला. राहिलं काय तर काच, फिल्टरचा प्लास्टिकचा सांगाडा, झाकण आणि पाच गुळगुळीत दगड.

दगड मी घासून ठेवले आणि प्रत्येकावर व्हिनेगरचे थेंब टाकून बघितले. तीन गप्प राहिले. दोघांवर बारीक फेस आला, म्हणजे ते चुन्याच्या जातीचे. असे दगड हळूहळू विरघळत पाण्याचा जडपणा वाढवत राहतात. काही माशांना ते चालतं, मला नको होतं. उरलेले तीन "उकळून घे" असं आईने सुचवलं. दगड उकळायचे नसतात. आत पाणी किंवा हवा अडकलेली असेल तर तो तडकून उडू शकतो.

आईचं दुसरं सुचवणं असं होतं की भांड्यांचा साबण लाव, लख्ख निघेल. लख्ख निघेल यात शंका नाही. पण साबण काचेवरून गेला तरी सिलिकॉनच्या कडांमध्ये, झाकणाच्या खोबणीत, फिल्टरच्या कानाकोपऱ्यांत थोडा राहतोच. ताटाला राहिलेला एवढासा साबण आपल्याला कळतही नाही. मासा मात्र त्याच पाण्यात चोवीस तास श्वास घेतो. साबणाचं काम तेलकट थर फोडायचं, आणि माशाचे कल्ले आणि अंगावरचा बुळबुळीत थर नेमका तसाच नाजूक असतो. शिवाय फक्त साबणच नाही, ज्या घासणीने रोज भांडी घासतो तीही चालत नाही, कारण तिच्या पोटात साबण भरलेला असतो. म्हणून नवी बादली, नवा मग, नवी घासणी, आणि तिन्हींवर मार्करने "मासे" असं लिहिलं. आई बरेच दिवस त्या बादलीकडे संशयाने बघत होती.

घासायच्या आधी टाकी गळते का ते पाहायचं, हे मला आधीच कोणीतरी बजावलं होतं. दोन दिवस राबायचं आणि मग कळायचं की टाकी फुटकी, असं व्हायला नको. अंगणातल्या फरशीवर पाणसळ ठेवून सपाट जागा शोधली, टाकीच्या चारही बाजूंना खालच्या कडेशी टिशू पेपरच्या घड्या दाबून ठेवल्या आणि मगाने मोजत पाणी भरलं. एकदम काठोकाठ नाही. आधी तिसरा हिस्सा, तासाभराने दुसरा, मग वरपर्यंत. मोजत भरल्याचा आणखी एक फायदा झाला. भाऊ ही टाकी पासष्ट लिटरची सांगत होता. बाहेरून मोजली तर ६० बाय ३० बाय ३६ सेंटिमीटर, म्हणजे हिशेबाने ६४.८ लिटर, बरोबर. पण काच पाच मिलिमीटर जाडीची, म्हणून आतली जागा ५९ बाय २९, आणि पाणी काठापासून दोन बोटं खालीच ठेवायचं. प्रत्यक्षात ५५ लिटर बसलं. खडी पडली की पन्नासच. पुढे औषध असो की क्लोरीन काढायचं द्रावण, मात्रा या पन्नासवर ठरणार होती, पासष्टवर नाही.

चोवीस तासांनी टिशू चारी बाजूंनी कोरडे. मी खूश.

इथून पुढे व्हिनेगर. पाण्याच्या रेषेवर दोन बोटं रुंदीचा पांढरा थर बसला होता, नखाने खरवडून न निघणारा. जड पाणी उडून जातं, त्यातला कॅल्शियम कार्बोनेट मागे राहतो, आणि दर आठवड्याला त्यावर आणखी एक पापुद्रा चढतो. ओलं फडकं फिरवलं की तो नाहीसा झाल्यासारखा दिसतो आणि काच सुकली की पुन्हा हजर. टाकी आडवी केली, जिथे थर आहे ती काच खाली घेतली, साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या टिशूच्या पट्ट्या त्यावर चिकटवल्या आणि वर प्लास्टिकचा कागद झाकला, म्हणजे व्हिनेगर उडून जाणार नाही. तासाभराने कागद उचलला तर खाली बारीक बुडबुडे. थर मऊ झाला होता. मग काच ओली ठेवून ब्लेड तिरकं धरून खरवडलं. ब्लेडखाली वाळूचा एक कण आला की काचेवर कायमची रेघ पडते, म्हणून दर दोन हातांनी पाणी ओतत होते. सिलिकॉनपासून एक बोटभर अंतर राखलं, तिथे ब्लेड नाही, फक्त घासणी आणि धीर. (टाकी अ‍ॅक्रिलिकची असेल तर ब्लेड आणि खरखरीत घासणी दोन्ही विसरायचं. मऊ फडकंच हवं.) चार बाजू, चार वेळा तीच कवायत. सगळ्यात घाण जागा मात्र मला शेवटी सापडली. टाकीच्या वरच्या काठाला आतून काचेची एक पट्टी चिकटवलेली असते, झाकण टेकायला. तिच्या खालच्या अंगाला, जे वरून बघताना कधीच दिसत नाही, तिथे हिरवंकाळं कवच होतं. ते जुन्या दात घासायच्या ब्रशनेच निघालं.

गरम पाण्याने हे लवकर झालं असतं का? कोमट ठीक. कढत पाणी थंड काचेवर ओतलं तर एक भाग फुगतो, शेजारचा फुगत नाही आणि काच मध्येच बोलते. आवाज एकदाच होतो.

काच आता अशी निघाली होती की आहे की नाही कळू नये. हौसेने मी पुन्हा एकदा पाणी भरून टिशू लावले. रात्री झोपताना कोरडे होते. सकाळी मागच्या डाव्या कोपऱ्यातला एक टिशू ओला. अगदी नाण्याएवढा डाग. आधी मनाची समजूत घातली, की थंड पाण्यामुळे काचेला बाहेरून घाम आला असेल. पण घाम आला असता तर चारही बाजूंना आला असता. कोपरा पुसला, नवा टिशू लावला, दोन तासांनी पुन्हा तेवढाच डाग.

आदल्या आठवड्यात हीच टाकी चोवीस तास कोरडी राहिली होती! बराच वेळ डोकं खाजवल्यावर उलगडलं. त्या कोपऱ्यातलं सिलिकॉन केव्हाचंच सुटलं असणार, आणि फट क्षाराने बुजवली होती. ज्या पांढऱ्या थराला मी शिव्या घालत होते तोच बुचासारखा बसला होता. व्हिनेगरने तो विरघळला आणि टाकी तिचं खरं रूप दाखवायला लागली. म्हणून गळतीची चाचणी क्षार काढल्यावर पुन्हा करायचीच. घाणेरड्या टाकीने दिलेल्या खात्रीवर मी आता विश्वास ठेवत नाही.

भाऊ म्हणाला, "बाहेरून सिलिकॉन फासून टाक ना." बाहेरून फासलेलं सिलिकॉन पाण्याच्या दाबाने ढकललं जातं, आतून लावलेलं दाबलं जातं. शिवाय नवं सिलिकॉन सुकलेल्या जुन्या सिलिकॉनला नीट चिकटत नाही. म्हणजे ठिगळ लावून भागत नाही, आतली सगळी पट्टी काढावी लागते. फक्त आतली. काचा एकमेकींना जोडणारं जे सिलिकॉन दोन काचांच्या मध्ये असतं त्याला हात लावायचा नाही, टाकी उभी आहे ती त्याच्यावर. ते खराब असतं तर मी ही टाकी भंगारात दिली असती. बाहेरून दिवा धरून पाहिलं, त्या थरात बुडबुडे किंवा पांढरट सुटलेले भाग नव्हते. म्हणून पुढे गेले.

आतली पट्टी काढणं हे या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात कंटाळवाणं काम. ब्लेडने दोन्ही बाजूंनी चिरायची, ओढायची, उरलेले चिकट तंतू खरवडायचे. आत एकूण आठ सांधे असतात, तळाचे चार आणि उभे चार. एका दुपारी तीन सांधे झाले आणि माझी पाठ गेली. पण त्या निळ्या पट्ट्या दोरीसारख्या निघत होत्या तेव्हा बरं वाटत होतं. औषध, कॉपर, जे काही सिलिकॉनमध्ये मुरलं असेल ते त्यांच्याबरोबर चाललं होतं. मग सांधे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टी लावली आणि नवं सिलिकॉन भरलं.

सिलिकॉन निवडताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून वाचावी लागते. न्हाणीघरात वापरायच्या सिलिकॉनमध्ये बुरशी येऊ नये म्हणून औषध घातलेलं असतं. बुरशीला मारणारं ते पाण्यात उतरून माशांना काय करेल हे वेगळं सांगायला नको. नळीवर शंभर टक्के सिलिकॉन आणि मत्स्यटाकीसाठी चालेल असं लिहिलेलं हवं. सुकताना त्याला व्हिनेगरसारखा वास येतो, तो अ‍ॅसिटिक आम्लाचाच असतो. वास पूर्ण गेला की आतपर्यंत सुकलं असं धरायचं. मी हातमोज्याच्या बोटाने एका ओढीत पट्टी गुळगुळीत केली आणि वरचा थर धरायच्या आत चिकटपट्टी ओढून काढली. एका सांध्यात उशीर झाला आणि साय ओढल्यासारखी कड वर आली. ती वेडीवाकडी कड आजही तशीच आहे. गळत नाही, म्हणून सोडून दिली.

सात दिवस टाकीला हात लावला नाही. आठव्या दिवशी तिसरी चाचणी, या वेळी पूर्ण अठ्ठेचाळीस तास. टिशू कोरडे. आता मी खूश वगैरे झाले नाही, नुसतं हुश्श केलं.

आता निर्जंतुक करणं. इथे भावाने सल्ला दिला, की व्हिनेगर उरलंच आहे तर ब्लीचमध्ये घाल, दोन्हींचं काम एकदम होईल. मी त्याला तिथेच थांबवलं. ब्लीचमध्ये आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत तर जीवावर बेतू शकतं. व्हिनेगरचं काम संपवून, भरपूर धुऊन, आठवडाभर सुकवून मगच माझ्याकडे ब्लीचची बाटली उघडली गेली, आणि तीही अंगणात.

ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं साधं द्रावण, वास न घातलेलं, फेस न येणारं. बाटली हलवून पाहिली. फेस टिकून राहिला तर आत साबणी पदार्थ आहे, ती बाटली बाद. बाटली जुनीही नको, पडून पडून ब्लीचचा जोर जातो. वीस भाग पाण्याला एक भाग ब्लीच. पूर्ण टाकी भरायला अडीच लिटरहून जास्त ब्लीच लागलं असतं, त्याची गरज नाही. दहा लिटर पाण्यात अर्धा लिटर घालून ते तळाला ओतलं आणि मोठ्या स्पंजाने भिंती सतत ओल्या ठेवल्या, पंधरा मिनिटं घड्याळ लावून. डोळ्यांना चष्मा, अंगावर टाकून द्यायच्या लायकीचे कपडे. फवारा मारायचा मोह टाळला, ते तुषार नाकात जातात. रात्रभर भिजत ठेवण्यातही काही शहाणपण नाही, काचेचं काम पंधरा मिनिटांत होतं.

फिल्टरच्या बाबतीत मात्र मी चुकले. त्याचा सांगाडा, नळ्या, झाकण असं सगळं बादलीत त्याच द्रावणात बुडवून ठेवलं. दहा मिनिटांनी बादलीला वासच येईना. द्रावण तपकिरी झालं होतं. सहज म्हणून मोटरचा छोटा पंखा असतो ती डबी उघडली तर आत शेवाळाचा आणि चिखलाचा गोळा जसाच्या तसा. क्लोरीन आधी त्या घाणीशीच भिडून संपून गेला होता, जंतूंसाठी उरला नव्हता. आधी घासून काढायचं आणि मग निर्जंतुक करायचं, हा क्रम काचेला पाळला आणि फिल्टरला विसरले. सगळं सुटं करून, बाटली धुवायच्या ब्रशने नळ्या आतून घासून, नवं द्रावण करून पुन्हा.

आता तो क्षयाचा प्रश्न. बहुतेक जंतू ब्लीचला पुरून उरत नाहीत, पण मायकोबॅक्टेरियमच्या अंगावर मेणासारखं आवरण असतं आणि क्लोरीनला तो बराच दाद देत नाही. त्याच्यावर अल्कोहोल जास्त भरवशाचं. म्हणून ब्लीच धुऊन काच सुकवली आणि सत्तर टक्के अल्कोहोलने आतून-बाहेरून पुसली, दर वेळी काच काही मिनिटं ओली राहील इतकं, दोनदा. शंभर टक्के घेतलं असतं तर जास्त चांगलं असं वाटतं, पण उलट आहे. त्यात पाणी असल्याशिवाय ते जंतूच्या आत नीट काम करत नाही आणि उडूनही लवकर जातं. हे काम उघड्यावर, आसपास काडी, शेगडी, विजेची ठिणगी काही नसताना. (पुन्हा, अ‍ॅक्रिलिकला अल्कोहोल नाही, त्याला बारीक चिरा पडतात.) ज्याच्या टाकीतले शेवटचे मासे धडधाकट होते त्याने ही पायरी गाळली तर मी काही म्हणणार नाही. मला रात्री झोप लागायला हवी होती.

धुणं तीनदा झालं. चौथ्यांदा टाकी काठोकाठ भरून त्यात डिक्लोरीनेटर घातलं, बाटलीवर लिहिलेल्या मात्रेच्या दुप्पट, आणि रात्रभर ठेवलं. त्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं, ते उरलेल्या क्लोरीनला निकामी करतं. सकाळी वास घेतला, काही नाही. पण दिवसभर ब्लीचजवळ वावरलेल्या नाकाचं काही खरं नसतं, त्याला सवय झालेली असते. म्हणून आईला बोलावलं. तिने टाकीत डोकं घालून मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "कसलाच वास नाही. एवढं करून वास नाही म्हणजे काय केलंस?" हेच प्रमाणपत्र हवं होतं. तरी क्लोरीनची पट्टी बुडवून पाहिली, शून्य. मग टाकी उन्हात तिरकी ठेवून तीन दिवस वाळवली.

जागेवर ठेवताना वजनाचा हिशेब केला. काच दहा किलोच्या आसपास, खडी आठ, पाणी पन्नास. सत्तर किलोचा माणूस त्या टेबलावर कायमचा बसणार असं समजायचं. माझं पहिलं टेबल त्या विचारानेच बाद झालं. नव्या टेबलावर पाणसळ ठेवली, वर थर्माकोलचा पातळ तुकडा, म्हणजे तळाखाली एखादा खडा राहिला तरी काचेला टोचणार नाही. नवी खडी थोडी थोडी बादलीत घेऊन धुतली. "धुऊन आलेली" असं पिशवीवर लिहिलेलं असूनही पाणी अकराव्या बादलीला नितळ निघालं.

आणि आता खरी गंमत. एवढी निर्जंतुक टाकी माशांसाठी अजून धोक्याचीच होती. मासे अमोनिया सोडतात, आणि तो पचवणारे जिवाणूही मी इतर सगळ्यांबरोबर मारून टाकले होते. ते जिवाणू खडीवर आणि फिल्टरच्या स्पंजावर वस्ती करतात. काही अमोनियाचा नायट्राइट करतात, काही नायट्राइटचा नायट्रेट. पहिल्या दोन गोष्टी विष, तिसरी आठवड्याला पाणी बदलून सांभाळता येते. सर्गेई विनोग्राडस्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी १८९० च्या सुमाराला ही कामं दोन वेगळे गट करतात हे दाखवलं, आणि पुढे सव्वाशे वर्षांनी, २०१५ मध्ये, दोन्ही कामं एकटाच करणारा नायट्रोस्पिरा जातीचा जिवाणू सापडला. माझ्या टाकीत कोण येणार होतं ते त्यांचं त्यांनी ठरवायचं.

एका ओळखीच्यांनी त्यांच्या चालू टाकीतला स्पंज देऊ केला. वस्ती आयती मिळते, आठवड्याभरात काम होतं. निरोगी टाकीतला स्पंज असेल तर यापेक्षा चांगला उपाय नाही. पण त्यांच्याकडे महिनाभरापूर्वीच दोन मासे कशाने तरी गेले होते. अल्कोहोलने पुसलेल्या टाकीत तो स्पंज ठेवायला माझा हात धजावला नाही. आभार मानून नाही म्हटलं आणि लांबचा रस्ता धरला. क्लोरीन काढलेलं पाणी, नवा हीटर २७ अंशांवर, फिल्टर चोवीस तास चालू आणि लिटरला दोन मिलिग्रॅम होईल इतका साधा अमोनिया, ज्यात सुगंध नाही, साबण नाही. रोज संध्याकाळी टेस्ट किटच्या नळीत पाणी घेऊन रंग बघायचा आणि वहीत लिहायचं.

पहिले दहा दिवस काहीच हललं नाही. अमोनिया जिथल्या तिथे. अकराव्या दिवशी नायट्राइटच्या नळीत फिकट जांभळी झाक आली. मग तो रंग गडद होत गेला आणि दोन आठवडे तसाच राहिला, मला वाटलं बिघडलं काहीतरी. काही बिघडलं नव्हतं, दुसरा गट पहिल्यापेक्षा उशिरा जमतो. एकोणचाळिसाव्या दिवशी सकाळी अमोनिया घातला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही शून्य. खात्रीसाठी आणखी दोन दिवस तेच करून पाहिलं. मग साठलेला नायट्रेट काढायला जवळजवळ सगळं पाणी बदललं.

भाऊ त्या काळात तीनदा येऊन रिकाम्या टाकीकडे बघून गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, "ताई, पाणी सुंदर दिसतंय हं." 

मासे सहाच आणले, लहान, झुंडीने राहणारे. कोळंबी आणलीच नाही. सिलिकॉन बदललं असलं तरी त्या जुन्या कॉपरचा विचार मनातून गेला नव्हता. पिशवी टाकीच्या पाण्यावर पंधरा मिनिटं तरंगत ठेवली, मग त्यांना एका भांड्यात घेऊन थोडं थोडं टाकीचं पाणी मिसळलं आणि जाळीने उचलून सोडलं. पिशवीतलं पाणी मोरीत ओतलं, टाकीत जाऊ दिलं नाही. सहाही जण खाली जाऊन त्या तीन दगडांच्या मागे एकमेकांना चिकटून उभे राहिले. टाकीचा दिवा त्या दिवशी लावला नाही.